‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब. आतड्यातले चांगले बॅक्टेरिया स्वतःच दुसऱ्या जंतूंना मारणारी पेप्टाइडं बनवतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी सगळ्यांसाठी इथे देतो: ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले लोक असलं लिहितात. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा तुकडा, पोटात पचून जातो, हे बारावीच्या पोरालाही कळतं. प्रयोग सगळे उंदरांवरचे. ताक पिऊन इन्फेक्शन बरं होत नाही. कुठल्या प्रोबायोटिकवाल्याकडून पैसे घेता तेही सांगा.’

एक गोष्ट मान्य, ‘पोटातलं फुकटचं अँटिबायोटिक’ हे शीर्षक जरा भडक झालं, बदलतो. पण शीर्षक भडक आहे म्हणून लिहिणारा अडाणी ठरतो का? शंका विचारायची काही रीत असते की नाही? ‘हे पचत नाही का हो?’ एवढं विचारलं असतंत तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं, राग यायचं कारणच नव्हतं. पण नाही, आधी हळकुंड काढायचं.

आणि हळकुंडाचंच म्हणाल तर मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलंय, त्यानंतर बरीच वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये काढलीत. जंतू वाढवायच्या अगार प्लेटवर एका बॅक्टेरियाच्या ठिपक्याभोवती दुसरा उगवतच नाही, तो मोकळा गोल मी पट्टी लावून मोजलेला आहे. तुम्ही मोजलाय का? नसेल तर बारावीच्या पोराला मध्ये कशाला आणता, त्याला अभ्यास करू द्या.

आता पचनाचं. लॅक्टोकोकस लॅक्टिस नावाचा बॅक्टेरिया निसिन बनवतो, ३४ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, चीजमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून घालतात, पाकिटावर २३४ नंबर असतो बघा. ते गिळलं की आतड्यातलं कायमोट्रिप्सिन हे पाचक एन्झाइम त्याचे तुकडे करतं, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण माझा लेख गिळलेल्या पेप्टाइडबद्दल नव्हताच ना! बॅक्टेरिया आतड्यातच राहतो, तिथेच बनवतो आणि शेजारच्या जंतूवर तिथेच सोडतो. डबा बाहेरून मागवलेला नाही, स्वयंपाक घरातच चाललाय.

आयर्लंडमध्ये कॉर्कच्या लोकांनी २००७ साली हेच तपासलं. माणसाच्या आतड्यातून काढलेला लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियस यूसीसी११८ हा स्ट्रेन, म्हणजे बॅक्टेरियाचा वाण, एबीपी११८ नावाचं बॅक्टेरिओसिन, म्हणजे दुसऱ्या जंतूंना मारणारं पेप्टाइड, बनवतो. तो दिलेले उंदीर लिस्टेरिया या रोग करणाऱ्या जंतूच्या इन्फेक्शनपासून वाचले. मग त्याच स्ट्रेनची बॅक्टेरिओसिन बनवायची क्षमता काढून घेतली, तर संरक्षण गेलं. एवढ्यावर न थांबता त्यांनी लिस्टेरियालाच त्या बॅक्टेरिओसिनपासून वाचवणारं इम्युनिटी प्रोटीन दिलं, तर मूळ स्ट्रेन देऊनही उंदीर वाचेनात. म्हणजे काम कोण करत होतं? पेप्टाइड आतड्यात पचूनच जात असतं तर ही तिन्ही उत्तरं अशी आलीच नसती. मला तर हा प्रयोग इतका सुंदर वाटतो की विद्यार्थ्यांना शिकवायला हवा, असो.

‘उंदीर, उंदीर’ म्हणून ओरडणाऱ्यांसाठी एवढंच, की पहिल्या महायुद्धात १९१७ साली फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निस्ले यांनी ज्याला इतरांसारखा जुलाबाचा त्रास झाला नाही अशा एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलायचा जो स्ट्रेन वेगळा केला तो मायक्रोसिन (हेही तसलंच जंतू मारणारं पेप्टाइड) बनवतो आणि जर्मनीत म्युटाफ्लोर नावाने औषध म्हणून मिळतो, आता तो सैनिक काही उंदीर नव्हता. औषधाचा गुण मायक्रोसिनमुळेच येतो का, हा वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

ताकाबद्दल मी लेखात एक अक्षर लिहिलेलं नाही, शोधून दाखवा.

राहिले पैसे. एक रुपया मिळालेला नाही. मिळत असता तर रविवारची दुपार तुम्हाला उत्तर लिहिण्यात घालवली असती का?