हे अंशतः खरे आहे

अभिनंदन! तुमच्या गावच्या ओढ्यावरच्या पुलाचा प्रश्न आमदारसाहेबांनी विधानसभेत टाकलाय. प्रश्न टाकला म्हणजे सुटला, असं समजणारी भोळी माणसं अजून गावोगाव आहेत. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. पूल होणं हे बांधकाम खात्याचं काम, प्रश्न होणं हे लोकशाहीचं. दोन्हींची सरमिसळ केली की मतदार उगाच कष्टी होतो.

आधी भाषा शिकून घ्या. 'पूल खचला, कधी बांधणार?' असं धसमुसळं तिथे चालत नाही. 'सन्माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी अदबीने सुरुवात होते. मग पूल खचल्याचे 'माहे जुलैमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय'. पूल भर बाजारच्या दिवशी साऱ्या गावादेखत खचला असला, तरी सभागृहात तो 'त्यादरम्यान'च खचतो. पुढे 'असल्यास, चौकशी केली आहे काय', 'तद्नुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे', आणि सगळ्यात शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' विलंबाची जागा आधीपासूनच राखून ठेवलेली असते. आपली व्यवस्था दूरदर्शी नाही असं कोण म्हणतं?

उत्तरही ठरल्या वळणाचं येईल. 'हे अंशतः खरे आहे.' कोणता अंश खरा, हे शोधत बसू नका. एका बाजूचा कठडा वाहून गेलाय, दुसऱ्या बाजूचा अजून लोंबतोय, म्हणजे हिशोब चोख आहे. आणि विलंबाच्या कारणांपुढे लिहिलेलं असेल, 'प्रश्न उद्भवत नाही.' मला तर हे वाक्य फार आवडतं. पूल उभा करता आला नाही, पण निदान प्रश्न तरी उभा राहू दिला नाही.

हे उत्तर मंत्री लिहितात असा तुमचा समज असेल, तर तो जपून ठेवा. खरा प्रवास ऐकाल तर झोप उडेल. मंत्रालयातून 'एलएक्यू (म्हणजे विधानसभेतला प्रश्न), अतितातडीचे' असा कागद निघतो. अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता, उपअभियंता असा उतरत उतरत तो शेवटी शाखा अभियंत्याच्या टेबलावर येऊन पडतो, म्हणजे ज्याने या पुलाचं काम मोजमाप पुस्तकात नोंदवून बिल वर पाठवलं त्याच्याच. माहिती संध्याकाळी पाचपर्यंत हवी असते. बिचारा ठेकेदाराला फोन लावतो, कारण काम कधी, किती आणि कशात झालं हे नीट त्यालाच ठाऊक. मग उत्तर वर चढू लागतं आणि दर टेबलावर एकेक शब्द मऊ होतो. 'खचला'चं 'बाधित झाला' होतं, 'बाधित'चं 'किरकोळ नुकसान', आणि मंत्र्यांच्या हाती पडेपर्यंत 'सद्यस्थितीत वाहतूक सुरळीत सुरू आहे'. खोटं काय आहे त्यात? बैलगाड्या ओढ्यात उतरून पलीकडे चढतायत, सुरळीतच! ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच खुलासा लिहायला देतात म्हणून काही जण नाकं मुरडतात. पण पुलाची इतकी खडान्‌खडा माहिती दुसऱ्या कोणाला असणार, सांगा बरं!

आता खरी काळजी घ्यायची ती उपप्रश्नांची. प्रश्न तारांकित असला की मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर साहेबांना उपप्रश्न विचारता येतात. इथे अपघाताची शक्यता असते. म्हणून साहेबांना कार्यारंभ आदेशाची तारीख सांगू नका, बिलाची प्रत देऊ नका, आणि दोषदायित्व कालावधी हा शब्द तर त्यांच्या कानावरही पडू देऊ नका. काम झाल्यावर ठरावीक काळात ते बिघडलं, तर ठेकेदाराने पदरच्या पैशाने दुरुस्त करायचं असतं. तो काळ संपायच्या आत पूल खचला, असं कोणी तारखेनिशी विचारलं तर मंत्र्यांपुढचा कागद अपुरा पडेल. त्यापेक्षा साहेबांना 'हा माझ्या मतदारसंघाचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे' एवढंच म्हणू द्या. मंत्रीही 'सन्माननीय सदस्यांच्या भावना मी समजू शकतो' म्हणतील, दालनात बैठक लावायचं कबूल करतील, आणि सगळं गोडीत मिटेल.

फिरोज गांधींसारखं काही होऊ नये, बस. स्वतः सत्ताधारी पक्षाचे खासदार, सासरे पंतप्रधान. तरी १९५७ साली आयुर्विमा महामंडळाचा पैसा उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत कसा गेला, हे लोकसभेत लावून धरलं. चौकशी आयोग बसला आणि १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. इतकं टोकाला जायची काय गरज होती? तपशील काढून आणले की असं होतं. (प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून २००५ साली ११ खासदारांना घरी पाठवलं, ही गोष्ट वेगळी. प्रश्नाला एवढी किंमत असते हे त्यामुळे निदान कळलं.)

तुमचा प्रश्न पुकारला जाईल की नाही याचीही धाकधूक नको. प्रश्नोत्तराला एक तास, आमदार २८८. सगळ्यांना सारखा वाटला तर वाट्याला साडेबारा सेकंद. त्यातून गोंधळ झाला आणि कामकाज तहकूब झालं, तर तेवढेही नाहीत. मग छापील उत्तर तेवढं घ्यायचं आणि फ्रेम करायचं.

मंत्र्यांच्या तोंडून चुकून आश्वासन गेलंच, तर ते पाळलं की नाही हे बघायला आमदारांची आश्वासन समिती आहे. लोकसभेच्या समितीकडे तर 'विषय विचाराधीन आहे', 'मी यात लक्ष घालतो' ही वाक्यंसुद्धा आश्वासन म्हणून मोजायची यादी आहे. आपल्याला वाटायचं ही वाक्यं म्हणजे चहा न देता पाहुण्याला वाटेला लावायची रीत. तर ती चक्क वचनं निघाली. हे गावात कोणाला सांगू नका, उगाच पाठपुरावा करत बसतील.

साहेब भेटले की 'पूल कधी?' असं विचारून त्यांना कानकोंडं करू नका. 'साहेब, प्रश्न गाजला!' म्हणा. पीए क्लिप पाठवेल ती सगळ्या ग्रुपवर टाका. चौकात फ्लेक्स लावाल तेव्हा 'विधानसभेत आवाज उठवला' हे मोठ्या अक्षरात घ्या, मंत्र्यांचं उत्तर छापायला जागा उरणार नाही इतक्या मोठ्या.

फारच हौस असेल, तर डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाला जा. पीएकडून प्रेक्षक गॅलरीचा पास मागून घ्या. तिथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, बोलायचं नाही, नुसतं बघायचं; याची तुम्हाला सवय आहेच. अध्यक्ष तुमच्या पुलाचा प्रश्न पुकारतील, साहेबांचं नाव घेतील, पुन्हा एकदा घेतील आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतील. घाबरू नका. साहेब बाहेर पायऱ्यांवर तुमच्याच पुलाबद्दल वाहिन्यांना बाईट देत असतील.