८ + ४ = ☐ + ५ : सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

मुलीला घरी गणित शिकवण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मुलगी साडेअकरा वर्षांची झाली, बरोबरीची मुलं शाळेत क्ष मांडताहेत आणि मी 'अजून तयार नाही' म्हणत तिला अपूर्णांकांतच घोळवतेय. वीस गुणांची चाचणी घ्या, ८० टक्के पडले की बीजगणित सुरू करा.

चाचणी मी जूनमध्येच घेतली होती. वीसपैकी सतरा. तुमच्या हिशेबाने पुढे जायला हरकत नव्हती. पण चुकलेली तिन्ही गणितं अपूर्णांकांच्या बेरजेची होती. त्यातलं एक: ३/४ + ५/४ = ८/८. वरचे वर मिळवले, खालचे खाली. संध्याकाळी मेथी निवडताना सहज विचारलं, "पाऊण आणि सव्वा किती गं?" मान वर न करता म्हणाली, "दोन." पाऊण तिच्या रोजच्या ओळखीचा; ३/४ म्हणजे मात्र एकाखाली एक लिहिलेले दोन आकडे. अशा वेळी क्ष/३ + क्ष/४ पुढ्यात ठेवलं असतं, तर २क्ष/७ आलं असतं आणि आम्ही चूक बीजगणितात शोधत बसलो असतो.

त्याहून मोठी अडचण बरोबरच्या चिन्हाची. शीर्षकातलं गणित तिला दिलं, तिने चौकटीत १२ लिहिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हाच प्रश्न सहावीच्या १४५ मुलांना विचारला होता. एकानेही ७ हे बरोबर उत्तर लिहिलं नव्हतं. मग तिच्या जुन्या वह्या काढल्या. ४५ रुपयांच्या दोन वह्या आणि ३० चं पेन, हा हिशेब तिने असा मांडला होता: ४५ × २ = ९० + ३० = १२०. उत्तर बरोबर आहे, पण ४५ दुणे १२० कुठे होतात? तिच्या लेखी त्या दोन आडव्या रेघांचा अर्थ होता 'आता उत्तर लिही'. दोन्ही बाजू सारख्या, हे जिला दिसत नाही तिला 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हा नुसता मंत्र होतो. मी स्वतः दहावीपर्यंत त्याच मंत्रावर गुण मिळवले. तिच्या बाबतीत ते नको आहे, म्हणून एवढी अडून बसले.

तीन आठवडे आम्ही १२ = ८ + ४ असं उलटं लिहिलं. मग ३८ + ४७ = ४० + ☐ दिलं. बेरीज न करताच म्हणाली, "इकडे दोन वाढले, मग तिकडे दोन कमी. ४५."

सतराच्या पाढ्यात ती अजून अडखळते. त्यासाठी मी थांबलेले नाही.

भास्कराचार्यांचा दाखला तुम्हीच दिलात. त्यांनीही आधी 'लीलावती'तलं व्यक्त, म्हणजे माहीत असलेल्या संख्यांचं गणित सांगितलं आणि मग 'बीजगणित'. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकातही समीकरणं येतात ती पूर्णांक, अपूर्णांक, दशांश झाल्यावरच. भास्कराचार्य अव्यक्त, म्हणजे माहीत नसलेल्या राशींना यावत्तावत्, कालक, नीलक म्हणतात, हे ऐकल्यापासून आमच्याकडे क्षच्या जागी 'नी' आला आहे.

एका ठिकाणी तुमचं बरोबर आहे. मूल स्वतःहून विचारेपर्यंत थांबावं, असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं. पुढ्यात काही ठेवल्याशिवाय मूल विचारणार कसं? ते वाक्य काढून टाकलंय.

गेल्या रविवारी तिला म्हटलं, मनात एक संख्या धर, दुप्पट कर, १० मिळव, निम्मी कर, मूळची वजा कर. पाच आले. तिने ७ धरून पाहिले, १०० धरून पाहिले. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आई, कुठलीही धर. ती शेवटी निघूनच जाते. राहतात ते दहाचे निम्मे." चाचणीतल्या ८५ टक्क्यांनी जे सांगितलं नव्हतं, ते मला या वाक्यात मिळालं. सोमवारी समीकरणांचं प्रकरण उघडलं.

आता गाडी ५ − (−३) पाशी अडते. कर्ज फेडण्याचं उदाहरण देऊन पाहिलं, तिला पटत नाही. तुम्ही इतकी वर्षं वर्गात हे शिकवलंत. तुम्ही कुठून सुरुवात करत होतात, ते सविस्तर लिहाल का?