दीडशे रुपयांचे मानसशास्त्र

अकरावीच्या कला शाखेला मानसशास्त्र शिकवायला लागून मला नऊ वर्षे झाली, आणि या नऊ वर्षांत फेब्रुवारी जवळ आला की माझे डोके ज्या गोष्टीने फिरते ती वार्षिक परीक्षा नव्हे, तर वीस गुणांचा प्रकल्प आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी शिकवते, तिथे बसस्टँडसमोरच्या झेरॉक्स सेंटरवर मानसशास्त्राचा तयार प्रकल्प दीडशे रुपयांना मिळतो. स्पायरल बाइंडिंग हवे असेल तर वीस रुपये वेगळे पडतात.

यंदा माझ्याकडे आलेल्या चाळीस फायलींपैकी सव्वीस तिथल्या होत्या. हे ओळखायला कोणतीही मानसशास्त्रीय चाचणी लागत नाही. ऋणनिर्देशाच्या पानावर नाशिककडच्या कुठल्याशा सरांचे 'अनमोल मार्गदर्शनाबद्दल' आभार छापलेले असतात. काही मुलांनी निदान एवढे कष्ट घेतले होते की त्या सरांच्या नावावर व्हाइटनर लावून वर माझे नाव लिहिले. मात्र पुढचा 'सर' हा शब्द तसाच राहिल्यामुळे सात फायलींत मी सर झाले आहे. नऊ फायलींचा विषय 'मॉलमधील ग्राहकांच्या वर्तनाचे निरीक्षण' असा होता, आणि नऊही जणांना तीसच ग्राहक भेटले होते, त्यांत अठरा पुरुष आणि बारा स्त्रिया. तोंडी परीक्षेत एका मुलीला मी विचारले, की बाई, हा मॉल कुठला? तिने अतिशय प्रामाणिकपणे उत्तर दिले, "मॅडम, तो फाईलमधला आहे."

मुलांवर मी फारशी चिडलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. कापसाच्या वेचणीसाठी ज्या मुलींना डिसेंबर-जानेवारीत आठ-आठ दिवस घरी थांबावे लागते आणि ज्यांची एस.टी. चुकली की दिवस बुडतो, त्यांनी दीडशे रुपयांत सुटका करून घेतली तर मला त्यांचा व्यवहार समजतो. मला संताप येतो तो आमच्याच खोलीत बसून फाईल हातावर तोलून गुण देणाऱ्यांचा. पाने किती, रंगीत चित्रे किती, बाइंडिंग आहे की नाही, एवढ्यावर वीसपैकी आकडा ठरतो, आणि मग मुलांनी स्वतः काही करून पाहावे म्हणून मी जूनपासून केलेली सगळी आरडाओरड वाऱ्यावर जाते.

कारण पर्याय मी दिले होते, आणि त्यांतल्या एकालाही पैसा लागत नव्हता. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्मरणावरचे जे काम प्रसिद्ध केले, त्यासाठी त्याने प्रयोगाला माणूस शोधला नाही. स्वतःच निरर्थक शब्दांशांच्या याद्या पाठ केल्या आणि किती दिवसांत किती विसरतो ते मोजले. कविता पाठ करायला निरर्थक शब्दांशांच्या मानाने जवळपास एक दशांश कष्ट पुरतात, असेही त्याला आढळले. आमच्या गावांत पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभे राहून एकामागून एक झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकबद्ध पदे, म्हणणारी सत्तरीची माणसे आहेत, ज्यांना काल काय जेवलो ते आठवत नाही. त्यांच्यापुढे वही घेऊन बसा आणि यमक, ताल, अर्थ यांतले काय त्यांना धरून ठेवते ते पाहा, असे मी वर्गात म्हटले होते. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९२७ चा निबंध सांगतो, की अपुरी राहिलेली कामे पुरी झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. त्यावरून चहाच्या टपरीवाल्याला कोणाची उधारी लक्षात राहते आणि चुकती झालेली किती लवकर विसरते, हे पाहायला मी दोन मुलांना सांगितले. टपरीवाला आनंदाने तयार झाला, पण मुलांच्या वडिलांची उधारी निघाल्यामुळे तो प्रकल्प तिथेच थांबला.

एका मुलीने मात्र काम शेवटपर्यंत नेले, आणि सगळा राग तिच्यापाशी येऊन ठेपतो. तिने जॉन रिडली स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग देवनागरीत केला. कार्डशीटचे वीस तुकडे कापून त्यांवर स्केचपेनने रंगांची नावे लिहिली, पण 'लाल' हा शब्द निळ्याने, 'हिरवा' हा शब्द लालने, अशी. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. वाचता येणाऱ्या माणसाची इथे अडखळ होते, कारण वाचन इतके अंगवळणी पडलेले असते की ते थांबवता येत नाही. बी.ए.ला असलेला तिचा भाऊ वीस कार्डांत चार वेळा चुकला आणि त्याला चौतीस सेकंद लागले. नंतर तिने तीच कार्डे आजीपुढे ठेवली. आजीला अक्षरओळख नाही. आजीने एकदाही न अडखळता एकवीस सेकंदांत सगळे रंग सांगितले, आणि वर नातवाला म्हणाली, "एवढं शिकून तुले रंग नाही समजत का रे?"

त्या मुलीने हे वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवले होते. खाली तिने लिहिले होते, की आजी निळ्याला 'आभाळी' म्हणते, तर ते उत्तर बरोबर धरायचे की चूक, हे प्रयोग सुरू करण्याआधी ठरवायला हवे होते. सोळा वर्षांच्या मुलीने चुलीशेजारी बसून मोजमापाची नेमकी अडचण पकडली होती, आणि निरक्षर माणूस प्रयोगात घेतल्याशिवाय वाचनाची सक्ती दिसत नाही, हेही तिचे तिलाच सुचले होते.

तिला अकरा गुण मिळाले. सहपरीक्षक असलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की प्रयोगात माणसे फक्त सहा आहेत, आलेख नाही, वही साधी आहे आणि 'घरच्या म्हातारीचे बोलणे' प्रकल्पात शोभत नाही. मॉलच्या फायलींना सतरा ते एकोणीस मिळाले, कारण त्यांत रंगीत पाय-चार्ट होता. मी वाद घातला, तर मला सांगण्यात आले, की मॅडम, तुम्ही फार मनावर घेता. मानसशास्त्राच्या शिक्षिकेला हे ऐकवले जाते, याचीही नोंद व्हावी.

याहून वाईट एक फाईल होती आणि तिच्याविषयी मला विनोद करता येत नाही. 'शेतकरी आत्महत्या : एक केस स्टडी' असा विषय, मुखपृष्ठावर डोक्याला हात लावून बसलेल्या कोणा शेतकऱ्याचा इंटरनेटवरून घेतलेला फोटो, आत मनाने रचलेले कुटुंब आणि मनानेच रचलेली त्यांची उत्तरे. माझ्या वर्गात असे मुलगे-मुली बसतात ज्यांच्या घरात हे घडलेले आहे. म्हणूनच अशा घरी जाऊन प्रश्न विचारायचे नाहीत, ते तुमचे काम नव्हे, असे मी पहिल्याच दिवशी बजावले होते. त्याऐवजी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला की काय होते, हे आपल्या आजोबांना समजेल अशा वऱ्हाडीत भित्तिपत्रकावर लिहा, असा पर्याय दिला होता. ते भित्तिपत्रक कोणी केले नाही. केस स्टडीला अठरा गुण मिळाले.

परवा मी त्याच झेरॉक्स सेंटरवर गेले होते. त्या मुलीच्या वीस कार्डांची रंगीत प्रत काढून पुढच्या वर्गासाठी ठेवायची होती. दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली, प्रत काढून दिली, पैसे घेतले आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षीचे विषय जूनमध्येच सांगून ठेवा ना, म्हणजे माल तयार ठेवता येते."