‘गोळ्या आजच फेका’ म्हणणाऱ्यांना

‘रात्री झोप नाही? मन उदास? मानसोपचाराच्या गोळ्या आजच फेका, हे पाच उपाय करा.’ खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. हा मेसेज सध्या नागपुरातल्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. महाल भागातल्या आमच्या मामींपर्यंत तो पोचला आणि मामींनी खरंच गोळ्या बंद केल्या. मामा गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती; औषध सुरू झाल्यावर कुठे त्या जेवायला-बोलायला लागल्या होत्या. आता चक्कर, चिडचिड आणि पुन्हा रात्रभर छताकडे बघणं. विचारलं तर म्हणतात, “काहून रे, एवढे लोक पाठवून राहिले, सगळेच खोटं बोलतील का?”

2024 च्या मे महिन्यात नागपुरात 56 अंश तापमान झाल्याचंही एवढ्याच लोकांनी पाठवलं होतं. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. तो खुलासा किती जणांनी पाठवला?

‘रात्री 1 ते 3 मध्ये जाग येते म्हणजे लिव्हर खराब.’ हे वेळापत्रक जुन्या चिनी वैद्यकातलं आहे. लिव्हर बिघडलं की नाही हे रक्ताच्या तपासणीत कळतं, भिंतीवरच्या घड्याळात नाही. पहाटे नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी जाग येणं आणि सकाळीच मन सगळ्यात जड असणं हे नैराश्याचं ओळखीचं लक्षण आहे. म्हणजे ज्या माणसाने मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, त्याला हा मेसेज काढा पाजत बसवतो.

आता गोळ्या. ‘एकदा घेतली की जन्मभर गुलामी.’ यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची सवय लागते. ओळखीच्या मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय त्या आणून वर्षानुवर्षं खाणारे आपल्या घराघरांत आहेत. पण मामींना होती ती एस्सिटालोप्रॅम, नैराश्यावरची. ती वेगळ्या जातीची गोळी आहे. तिचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, तिने नशा येत नाही आणि डोस वाढवत नेण्याची ओढही लागत नाही. बरं वाटू लागल्यावर साधारण सहा महिने तरी ती चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके, झोपमोड. या त्रासाला मेसेजमध्ये नाव काय दिलंय? ‘शरीरातलं विष बाहेर पडण्याची चिन्हं, घाबरू नका.’ लिहिणाऱ्याने दुष्परिणाम आधीच ओळखून त्यालाच पुरावा करून टाकलं आहे! आणि अल्प्राझोलम रोज घेणाऱ्याने ती अचानक फेकली तर झटके, म्हणजे फिट्स येऊ शकतात. बंद करायची तीही डॉक्टरांच्याच देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने.

‘रोज रात्री दुधात एक अख्खं जायफळ उगाळून.’ अख्खं! पुरणात चिमूटभर घालतो आपण. एक जायफळ साधारण पाच ग्रॅमचं असतं. तेवढ्याने छातीत धडधड, उलट्या आणि भास होऊ शकतात.

‘रात्री 8 ला दिवे मालवा, झोप येईपर्यंत पडून राहा, डॉक्टर फक्त गोळ्या खपवतात.’ अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ही डॉक्टरांचीच संस्था. 2016 मध्ये तिनेच सांगितलं की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हे, तर विचार आणि सवयी बदलणारी थेरपी. आणि ती थेरपी या मेसेजच्या नेमकी उलटी आहे: डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठायचं. सकाळी 5 पर्यंत कूस बदलत पडलेल्या माणसाला अंथरुणाचीच धास्ती बसते.

मोबाइल लांब ठेवा, संध्याकाळनंतर चहा नको, हे ठीक. तेवढ्यासाठी मेसेजची गरज नव्हती.

शेवटची ओळ मात्र वाचून डोकं फिरलं: ‘रात्री वाईट विचार आले तर कोणाला उठवू नका, नामस्मरण करत सकाळपर्यंत सोसा.’ नामस्मरण करा की, कोण अडवतं? पण जगणं नकोसं वाटत असेल तर शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवायचंच. एकटे असाल तर 14416 लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 2022 पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीतही. सकाळी मग मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाची, ओपीडी आहे, छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मामी त्याला अजून ‘पागलखाना’च म्हणतात आणि तिथे जायला तयार नाहीत, म्हणून मेडिकलला नेतो आहे. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते तिथले डॉक्टर सांगतील.