फिनलंड एका रात्रीत बदलला नाही

'७५ वर्षं तटस्थ राहून फिनलंड सुखात होता. युक्रेनचं युद्ध पेटलं, अमेरिकेने भीती घातली आणि सरकारने लोकांना न विचारता देश नाटोत ढकलला.' हा मेसेज गेले कित्येक महिने व्हॉट्सॲपवर फिरतोय. शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून लिहितोय.

आधी ते 'सुख'. नोव्हेंबर १९३९मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्या तेव्हाही फिनलंड तटस्थच होता. लढाया संपल्या तेव्हा पूर्वेकडच्या कारेलिया प्रांताचा मोठा भाग गेला होता आणि चार लाखांवर माणसं निर्वासित झाली होती. सोव्हिएत संघाशी झालेल्या १९४८च्या मैत्री करारानंतर तर मॉस्कोची मर्जी सांभाळूनच राज्य करावं लागलं. त्याला सुख म्हणणं त्या पिढीवर अन्याय आहे.

'घाबरून' हेही खोटं. ६४ एफ-३५ लढाऊ विमानं घ्यायचं ठरलं डिसेंबर २०२१मध्ये, युक्रेन युद्धाच्या आधी. सक्तीची लष्करी सेवा त्यांनी कधीच बंद केली नाही. हेलसिंकीच्या इटाकेस्कुस भागात खडक फोडून जमिनीखाली पोहण्याचा तलाव केलाय. एरवी तिथे पोरं पोहायला शिकतात. वेळ आली तर ७२ तासांत तिथे हजारो माणसांना आसरा देता येतो. असे ५० हजारांवर निवारे आहेत, सुमारे ४८ लाख लोकांसाठी, आणि देशाची लोकसंख्या आहे ५६ लाखांच्या आसपास. ही तयारी दशकानुदशकांची आहे.

अमेरिकेने ढकललं? नाटोने नवे सदस्य घेऊ नयेत, अशी लेखी मागणी डिसेंबर २०२१मध्ये रशियाने केली. 'हवं तेव्हा अर्ज करू' हा पर्याय फिनलंडने जपून ठेवला होता, त्यावरच हा घाला होता. अर्ज करायचा की नाही हे आम्ही ठरवू, असं तेव्हाचे फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष नीनिस्तो यांनी नववर्षाच्या भाषणात बजावलं. पुढे २४ फेब्रुवारी २०२२ उजाडली आणि रशियाने युक्रेनवर हल्ला केला.

सार्वमत झालं नाही, हे खरं. पण वर्षानुवर्षं पाव जनतेच्या आसपास घुटमळणारा नाटोप्रवेशाचा पाठिंबा त्या मे महिन्यात ७६ टक्क्यांवर गेला आणि संसदेत १८८ विरुद्ध ८ मतं पडली.

टीकाच करायची तर भूसुरुंगांवर करा. २०२५मध्ये फिनलंडच्या संसदेने सुरुंगबंदीच्या ओटावा करारातून बाहेर पडायला मंजुरी दिली. रशियालगतची १,३४० किलोमीटरची सीमा राखायची, हे त्यासाठी दिलेलं कारण मला समजतं, पण पटत नाही.