फोनवरची सपाट रेघ आणि 'अस्सल' स्पीकर

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'होम थिएटर घेताना फुकटचं स्पेक्ट्रम अ‍ॅप टाका, फोन स्पीकरसमोर धरा. 20 ते 20,000 हर्ट्झ रेघ सपाट आली तर माल अस्सल. घरी वाकडी दिसली तर इक्वलायझरने सरळ करा.' ही रेघ म्हणजे खालपासून वरपर्यंत कुठला सूर (हर्ट्झमध्ये) किती जोरात वाजतो याचा आलेख, आणि इक्वलायझर म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करायची सोय. या मेसेजच्या भरवशावर कुणी चांगला सेट परत करेल, कुणी वूफर (खालच्या सुरांचा, म्हणजे बेसचा स्पीकर) जाळून बसेल. म्हणून एकेक दावा बघू.

'फोनने मोजा.' फोनचा माइक बोलणं स्पष्ट पोचावं यासाठी असतो. वाऱ्याची घरघर नको म्हणून बऱ्याच फोनांत खालचे सूर आधीच कापलेले असतात, शिवाय आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते. त्यामुळे रेघेतला कुठला दोष स्पीकरचा आणि कुठला माइकचा, हे सांगता येत नाही. खास मोजणीच्या माइकसोबत त्याची कॅलिब्रेशन फाइल (तो कुठल्या सुराला किती चुकतो याची नोंद) येते आणि सॉफ्टवेअर माइकची चूक वजा करतं. त्यात मे महिन्यात भुसावळला कूलर बंद ठेवून मोजणार कोण? त्याची घरघरही रेघेत बेस म्हणून उमटते.

'सपाट म्हणजे अस्सल.' सपाट म्हणजे किती? अधिक-उणे 3 डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) की 10, हे सांगितल्याशिवाय 20 ते 20,000 हा आकडा पोकळ आहे, मग तो खोक्यावर छापलेला का असेना.

पण खरी गफलत खोलीची आहे. आपल्याकडे स्लॅबची, टाइल्सची, 12 बाय 12ची खोली घरोघरी सापडते. 12 फूट म्हणजे 3.66 मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की साधारण 47 हर्ट्झ येतात. त्या सुराला खोली स्वतःच घुमते, आणि लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्हीकडून त्याच सुराला. भिंतीला टेकून बसलात तर बेस अंगावर येतो, मधोमध बसलात तर तोच सूर जवळजवळ नाहीसा. स्पीकर तोच, अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) तोच! मग दुकानातल्या रेघेवरून घरचा आवाज कसा ठरवणार?

आणि बसायच्या जागी रेघ सपाट हवी, हेही बरोबर नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी 1980च्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. प्रतिध्वनी शोषणाऱ्या खोलीत समोरून सपाट मोजले गेलेले स्पीकर लोकांना जास्त आवडले. असा स्पीकर घरात ठेवला की रेघ वरच्या सुरांकडे हळूहळू उतरते, कारण बेस चहूबाजूंनी पसरतो आणि ट्वीटरचा (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरचा) आवाज समोरच जास्त जातो. हा उतार 'दुरुस्त' केला की गाणं कानाला टोचतं.

'इक्वलायझरने सरळ करा.' रेघेतला फुगवटा थोडा खाली आणायला हरकत नाही. खड्डा मात्र भरत नाही. तिथे भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला मारते. आवाज वाढवला तर दोन्ही सारख्याच वाढतात. 10 डेसिबल चढवायला अ‍ॅम्पकडून दहापट ताकद लागते आणि वूफरची कॉइल तापते.

फोनचा उपयोग आहे, पण तुलनेपुरता. कूलर-पंखे बंद करा, फोन बसायच्या जागी एकाच ठिकाणी ठेवा, पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला, धबधब्यासारखा चाचणीचा आवाज) लावा. स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे सरकवा आणि आधीची-नंतरची रेघ ताडून बघा. माइकची चूक दोन्ही वेळी जवळपास तीच, म्हणून दिसणारा फरक बहुतेक जागेचा असतो.