विप्रोचे 100 शेअर आणि ‘घ्या अन् विसरा’चं गणित

दर दिवाळीत मुहूर्ताच्या सौद्यांच्या सुमारास एक ढकलपत्र फिरायला लागतं. मजकूर थोडक्यात असा: 1980 साली 10,000 रुपयांत विप्रोचे 100 शेअर घेतले असते, तर बोनस (कंपनीने पैसे न घेता दिलेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे पाडलेले अनेक शेअर) धरून आज ते कोट्यवधी शेअर झाले असते आणि त्यांची किंमत हजार कोटींच्या पुढे गेली असती. खाली तात्पर्य असतं: ‘चांगली कंपनी पकडा, भाव बघत बसू नका, फुकटचे बोनस जमवा, घ्या आणि विसरून जा.’ यंदा ते माझ्या भाच्याने पाठवलं. नुकताच नोकरीला लागलाय. सोबत प्रश्न होता, ‘‘मामा, मग आता कुठली घेऊ?’’ पहिल्या पगारातून तो खरंच काहीतरी घेणार, हे लक्षात आल्यावर उत्तर लिहायला बसलो.

आधी जे खरं आहे ते मान्य करतो. गुणाकार बरोबर आहे. मी स्वतः वहीत मांडून पाहिला. 100 शेअरचे 1981 च्या बोनसनंतर 200 झाले, 1985 ला 400, 1986 ला 100 रुपये दर्शनी किमतीच्या (म्हणजे शेअरवर छापलेल्या किमतीच्या) एका शेअरचे 10 रुपयांचे दहा झाले तेव्हा 4,000. असं करत करत 2010 पर्यंत 96 लाख. पुढचे 2017, 2019 आणि 2024 चे बोनस धरले की 5 कोटी 12 लाख. 250 रुपये भाव धरला तर 1,280 कोटी. एकच खोट आहे. 10,000 हा आकडा 100 रुपयांच्या दर्शनी किमतीवरून काढलाय. त्या दिवशी बाजारात शेअर त्याच भावाला मिळत होता की नाही, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. पण तेवढ्यावरून वाद नको. मोठी चूक पुढे आहे.

‘चांगली कंपनी पकडा.’ 1980 साली ती ओळखायची कशी? आमचं मूळ गाव अमळनेर तालुक्यात. विप्रोचा जन्म अमळनेरचाच, 1945 चा. नावच मुळी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. 1980 साली ही कंपनी म्हणजे प्रामुख्याने वनस्पती तूप आणि साबण. संगणकाच्या धंद्यात ती नुकतं पाऊल टाकत होती. हा तूपवाला पुढे अमेरिकेतल्या कंपन्यांना सॉफ्टवेअर विकेल, असं तेव्हा कुणाला दिसलं असतं? अमळनेरच्या काही घरांत हे शेअर टिकले, याचं मला कौतुकच आहे. कारखाना त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पण ज्यांनी मुलीच्या लग्नासाठी, विहिरीसाठी मधेच विकले, त्यांच्यावर कुणी ढकलपत्र लिहीत नाही.

आणि त्या काळच्या ‘चांगल्या’ कंपन्या कोणत्या होत्या तेही बघा. सेन्सेक्स 1986 साली सुरू झाला तेव्हा देशातल्या नामांकित 30 कंपन्या त्यात होत्या. त्यांत हिंदुस्तान मोटर्स होती. तिची ॲम्बेसेडर 2014 ला बंद पडली. फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. बल्लारपूर इंडस्ट्रीज होती, चंद्रपूर जिल्ह्यातली कागदवाली. ती पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या तिन्हींना त्या काळी कुणीही डोळे झाकून चांगलं म्हटलं असतं. हिंदुस्तान युनिलिव्हर, आयटीसी, लार्सन अँड टुब्रो याही त्याच यादीत होत्या आणि त्यांनी भागधारकांचं भलं केलं, हेही खरं. पण निवडताना कुणाच्याही कपाळावर शिक्का नव्हता.

‘भाव बघत बसू नका.’ माझा खरा राग या वाक्यावर आहे, आणि त्याला उत्तर द्यायला विप्रोच पुरते.

फेब्रुवारी 2000. सॉफ्टवेअरच्या शेअरची लाट टोकाला होती. विप्रोचा 2 रुपये दर्शनी किमतीचा शेअर बाजारात 9,000 च्या वर गेला. कंपनीचे शेअर साधारण 23 कोटी. म्हणजे त्या भावाला अख्ख्या कंपनीची किंमत झाली दोन लाख कोटींच्या वर. आणि त्या आर्थिक वर्षाचा नफा होता सुमारे 300 कोटी! म्हणजे 1 रुपया नफ्यासाठी लोक सहाशेहून अधिक रुपये मोजत होते. समजा, तेव्हा कुणी 9 लाख घालून 100 शेअर घेतले आणि पत्रात सांगितल्याप्रमाणे विसरून गेला. 2004 पासूनचे सगळे बोनस धरून त्याचे आज साधारण 5,333 शेअर झाले. 250 च्या भावाने 13 लाख 33 हजार. 25 वर्षांत! मधले लाभांश आणि 2013 ला कंपनीने सॉफ्टवेअर सोडून बाकीचे धंदे वेगळे काढले तेव्हा जे हाती आलं ते वेगळं. पण तेच 9 लाख 7 टक्क्यांनी बँकेत चक्रवाढीने पडून राहिले असते, तर कर जाण्याआधी 48 लाखांच्या वर गेले असते.

यात कंपनीचं काय चुकलं? काहीच नाही. तिचा वर्षाचा नफा 300 कोटींवरून 2024-25 ला 13,000 कोटींच्या वर गेला, चाळीस पटींहून जास्त. एवढी वाढ फार थोड्या कंपन्यांच्या नशिबी असते. तरीही त्या दिवशी घेणाऱ्याच्या पदरात जवळजवळ काही पडलं नाही, कारण ही सगळी वाढ आणि वर आणखी बरीच त्याने पहिल्याच दिवशी भावात मोजून टाकली होती. भाचा म्हणाला, ‘‘ते वेडच होतं, तसं रोज होत नाही.’’ बरोबर, इतकं टोक विरळाच. पण त्याच सुमारास हिंदुस्तान युनिलिव्हर घेणाऱ्यालाही, घराघरांतला साबण विकणाऱ्या कंपनीत, पुढची दहा वर्षं भाव जिथल्या तिथे दिसला.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. समजा शेअर 600 ला आहे आणि प्रतिशेअर नफा 10 रुपये, म्हणजे पी/ई (भाव भागिले प्रतिशेअर नफा) 60. मला वर्षाला 12 टक्के हवेत. म्हणजे दहा वर्षांनी भाव 1,860 च्या आसपास पाहिजे. तोवर कंपनी मोठी होईल, वाढ मंदावेल, बाजार तिला तेव्हा 60 चा पी/ई देईलच असं नाही, 25 धरू. मग प्रतिशेअर नफा साधारण 75 लागेल, म्हणजे दहा वर्षं सलग 22 टक्क्यांच्या थोड्या वर वाढ. आता वार्षिक अहवाल उघडायचे आणि मागच्या दहा वर्षांत विक्री, नफा, कर्ज, शेअरची संख्या आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड एकाखाली एक लिहायची. नफा वाढतोय पण रोकड येत नाही, उधारी फुगतेय, असं दिसलं की मी तिथेच थांबतो. मागची वाढ 12 टक्के असेल आणि भाव 22 टक्के मागत असेल, तर कंपनी कितीही गुणी असो, मी वाट बघतो. याला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. दोन संध्याकाळी लागतात.

‘फुकटचे बोनस’ याबद्दल फार लिहीत नाही. 500 ची नोट मोडून 100 च्या पाच घेतल्या तर खिशात जास्त पैसे येत नाहीत. बोनसमध्ये कंपनी आपल्याच गंगाजळीतली रक्कम भांडवलात टाकते. एकास एक बोनस दिला की शेअर दुप्पट होतात, भाव निम्मा होतो. विप्रोचं धन वाढलं ते नफ्यामुळे.

राहता राहिलं ‘विसरून जा’. हे मी घरात पाहिलंय.

बाबा शिक्षक होते. ते गेल्यावर लोखंडी पेटीत, डांबरगोळ्यांचा वास लागलेल्या खाकी पाकिटात शेअरची नऊ प्रमाणपत्रं सापडली. घड्यांवर कागद विरला होता. नवांपैकी सहा कंपन्या केव्हाच संपल्या होत्या; त्यांत मुंबईतली एक गिरणीही होती. दोन तग धरून होत्या, पण भाव किरकोळ. नववी मात्र खरोखर चांगली निघाली. बाबांनी ती 30 वर्षं विकली नव्हती, आणि घर बदलल्यावर पत्ताही कळवला नव्हता. सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, तसे ते झाले होते. कागदी शेअरची खरेदी-विक्रीही 1 एप्रिल 2019 पासून बंदच आहे. मग वारसाचे कागद, हमीपत्र, बाबांच्या सहीतला फरक, आईच्या नावाने डिमॅट, निधीकडे अर्ज, त्यात त्रुटी, पुन्हा अर्ज. कंपनीच्या निबंधकाकडे, म्हणजे तिच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, मी अकरा पत्रं पाठवली, सगळ्यांच्या पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत.

शेअर आईच्या खात्यात जमा झाले त्याला दोन वर्षं आणि तीन महिने लागले. मेसेज आला तेव्हा तिने चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, ‘‘त्यांना माहीत होतं का रे हे एवढे झालेत ते?’’